स्वतःच्या श्रद्धांजलीला उभे राहिलेले काका

टाचणीच्या जिभेला हाड नाही, हे तिच्या आईने ती चार वर्षांची असतानाच जाहीर करून टाकलं होतं. पुढे ज्याचा ज्याचा तिच्याशी संबंध आला, त्याला ते नव्याने कळत गेलं. टाचणी हे नाव शाळेतलं. फुगलेला माणूस कुणीही असो, मुख्याध्यापक असोत की वर्गातली पहिल्या नंबरची मुलगी, ही जवळून गेली की त्याची हवा गेलीच म्हणून समजा. आता ती बेचाळीस वर्षांची होती. दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकावर फ्रेम बसवायची आणि महिन्यातून दोन शनिवारी संध्याकाळी सभागृहात एकटीच उभी राहून तासभर लोकांना हसवायची. गावात सभागृह एकच होतं. त्यामुळे त्या सभागृहाच्या व्यवस्थापन समितीकडून जेव्हा तिला पत्र आलं, तेव्हा घरात सगळ्यांची जेवणं थंड झाली.

पत्र असं होतं की, मागच्या कार्यक्रमात तिने एका दिवंगत गृहस्थांविषयी अनुचित उद्गार काढले, त्यामुळे त्यांच्या पत्नीच्या भावना दुखावल्या, अशी खुद्द अध्यक्षांची तक्रार आहे. मंगळवारी अकरा वाजता सुनावणी. दोष सिद्ध झाला तर दोन वर्षं मंच बंद.

दोन वर्षं! विनोद सांगणाऱ्या माणसाला दोन वर्षं मंच न मिळणं म्हणजे काय, हे त्यालाच ठाऊक. पोहणारा दोन वर्षांनी पाण्यात पडला तरी पोहतो. विनोदाचं तसं नाही. माणसं कुठे श्वास घेतात, कुठे थांबलं की पिकतात, कुठे घाई केली की नासतात, हे दर पंधरवड्याला नव्याने शिकावं लागतं. टाचणीला रात्रीची झोप लागेना.

तिचा दादा वकील होता. बहिणीवर जीव, पण तिच्या तोंडावर अजिबात भरवसा नाही, असा वकील.

"माफी लिहून दे आणि मोकळी हो," तो म्हणाला.

"कशाबद्दल?"

"भावना दुखावल्याबद्दल."

"दादा, भावना म्हणजे गुडघे. एका वयानंतर सगळ्यांचेच दुखतात. पण गुडघे दुखतात म्हणून शेजाऱ्याच्या नाचण्यावर कुणी बंदी घालत नाही."

"हे तिथे बोलायचं नाही."

"माफीनाम्याखाली काय असतं माहीत आहे ना? पुढच्या प्रत्येक कार्यक्रमाची संहिता आधी समितीला दाखवायची. मी काय समितीतल्या औषधांच्या दुकानदाराला विचारून विनोद करू? तो प्रत्येक विनोदावर जेवणानंतर घ्या असं लिहून देईल."

दादाला हसू आलं, ते त्याने वकिलाच्या चेहऱ्याखाली दडपलं. मग त्याने विचारलं की कार्यक्रमाचं चित्रीकरण कुणी केलंय का. टाचणीने नकाराची मान हलवली. तिच्या कार्यक्रमाला दारातच एक मोठी टोपली असायची आणि प्रत्येकाने आपला फोन त्यात ठेवल्याशिवाय आत सोडत नसत. नवा विनोद कच्चा असतो. तो लोकांसमोर तीनचारदा पडतो, आपटतो, तेव्हा कुठे उभा राहतो. त्या अवस्थेत त्याचा फोटो काढू नये, एवढीच तिची अपेक्षा. दादा खुर्चीतून उठलाच.

"म्हणजे पुरावाच नाही! तू नेमकं काय बोललीस हे त्यांना सांगताच येणार नाही. अडीचशे माणसांना अडीचशे प्रकारे आठवेल. तू फक्त एक करायचं. तोंड उघडायचं नाही. विचारलं तर 'मला नेमके शब्द आठवत नाहीत' एवढं म्हणायचं आणि खाली बसायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. जमेल?"

"न जमायला काय झालं?" टाचणी म्हणाली. त्या रात्री तिला चांगली झोप लागली.

आता तो विनोद काय होता ते सांगायला हवं. गावात एक मीटरकाका होते. तीस वर्षं घरोघर फिरून पाण्याचे मीटर वाचले. अंधाऱ्या कोपऱ्यात वाकून आकडे बघता बघता डोळे बिघडले आणि चष्म्याचा नंबर वाढत वाढत गेला. गावातलं प्रत्येक घर त्यांनी मागच्या बाजूने पाहिलेलं. ते निवृत्त झाले तेव्हा सभागृहात निरोप समारंभ ठेवला. भाषणाला अर्थातच अध्यक्ष. अध्यक्षांनी त्या आठवड्यात चार शोकसभा उरकल्या होत्या. ते उठले, खाकरले, डोळे मिटले आणि सवयीने सुरू झाले, "आज ते आपल्यात नाहीत." मीटरकाका समोर पहिल्या रांगेत हातात फुलं घेऊन बसलेले. अध्यक्षांचे डोळे मिटलेलेच. "त्यांच्या जाण्याने जी पोकळी निर्माण झाली ती कधीही भरून येणार नाही. आपण सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू या." आणि सवय काय असते बघा, सगळं सभागृह उभं राहिलं! मीटरकाकाही उभे राहिले. मान खाली घालून, स्वतःसाठी, पूर्ण दोन मिनिटं.

इथवर सगळं खरं होतं, गावाने डोळ्यांनी पाहिलेलं. टाचणी ते अध्यक्षांच्या खाकरण्यासकट करून दाखवायची. शेवटी ती म्हणायची, "आणि मान खाली घालून काका मनात म्हणत होते, अरे, मी इतका चांगला माणूस होतो? आधी कुणी सांगितलं असतं, तर केव्हाच मेलो असतो!"

सभागृह कोसळायचं. पण दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे, समारंभानंतर महिन्याभरातच मीटरकाका खरोखर गेले होते. आणि दुसरी टाचणीने दादालाही सांगितली नव्हती. ते शेवटचं वाक्य तिचं नव्हतंच. नवा चष्मा न्यायला आले असताना काकाच दुकानात काउंटरवर कोपर टेकून ते बोलले होते. काका गेल्यावर दहा महिने तिने ते वाक्य जपून ठेवलं आणि मग मंचावर नेलं, आपलं म्हणून. काका मनात म्हणाले, असं म्हटलं की वाक्य आपोआप तिचं व्हायचं.

अध्यक्षांची तिला भीती नव्हती. खुर्चीला भिणं तिच्या रक्तातच नव्हतं. पण पत्रात मीटरकाकूंचा उल्लेख वाचल्यापासून तिला एकच प्रश्न छळत होता. त्या बाईला खरंच लागलं असेल तर? अध्यक्षांच्या भावना गेल्या खड्ड्यात, पण काकूंच्या? ते वाक्य मंचावर नेल्यापासून टाचणी काकूंच्या गल्लीतून जाणंच टाळत होती. दुकानातून घरी जायला तो रस्ता जवळचा, तरी ही बाजाराला वळसा घालून जायची. बोलायचं स्वातंत्र्य ज्याला हवं त्याला ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत बघता आलं पाहिजे, हे तिला कळत होतं. कळून काही उपयोग होत नव्हता.

मंगळवारी अकराला सभागृहाच्या मागच्या खोलीत समिती बसली. लांब टेबल, मोडक्या खुर्च्यांची उतरंड भिंतीला, पडद्याचं जुनं कापड कोपऱ्यात गुंडाळलेलं. मध्ये अध्यक्ष, उजवीकडे औषधांचे दुकानदार, डावीकडे एक निवृत्त शिक्षिका, आणि टेबलाच्या टोकाला सभागृहाचा कारकून. हा कारकून सव्वीस वर्षं इतिवृत्तं वाचत आला होता आणि त्याच्या आवाजात कुठलीही गोष्ट निविदा सूचनेसारखी वाटायची.

आणि दाराजवळच्या खुर्चीत, मांडीवर पर्स घेऊन, मीटरकाकू.

"या कशा काय?" दादा कुजबुजला. नियमच तसा होता. ज्याच्या भावना दुखावल्या त्याने स्वतः हजर राहायचं. अध्यक्षांनी काकूंना न विचारताच त्यांच्या भावना अर्जात घातल्या होत्या, पण कारकुनाने नियमाप्रमाणे त्यांनाही पत्र धाडलं होतं, आणि काकू आल्या होत्या. टाचणीने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि नजर टेबलावर खिळवली.

"तुम्ही त्या दिवशी काय बोललात ते सांगा," अध्यक्ष म्हणाले.

"मला नेमके शब्द आठवत नाहीत," टाचणी म्हणाली आणि खाली बसली. दादाने सुस्कारा सोडला. निम्मी लढाई जिंकली होती.

"मग अर्जातले शब्द वाचा," शिक्षिका म्हणाल्या.

कारकुनाने कागद डोळ्यांजवळ धरला. "सदर कलाकार यांनी असे उद्गार काढले की, सदर गृहस्थ हे स्वतःच्या श्रद्धांजलीप्रीत्यर्थ उभे राहिले. उपस्थितांमध्ये हास्य पसरले."

टाचणीने ओठ दाबले. सुरुवातच पार मारून टाकली होती. अध्यक्षांचे मिटलेले डोळे कुठे गेले? हातातली फुलं कुठे गेली? फुलं आधी दिसली नाहीत तर उभं राहण्यात काय मजा? पण ती गप्प राहिली. दादाने टेबलाखालून तिच्या पायावर आपला पाय ठेवला.

"तदनंतर सदर गृहस्थांनी मनात असा विचार केला की, आपण यापूर्वीच निधन पावलो असतो."

"हं," टाचणीच्या तोंडून निघालं. दादाने पाय दाबला.

"कारण," कारकून पान उलटत म्हणाला, "आपण चांगले होतो, याची पूर्वकल्पना त्यांना..."

"अहो, उलटं! उलटं आहे ते!"

टाचणी उभी होती. आपण कधी उभ्या राहिलो हे तिचं तिलाच कळलं नाही. "'मेलो' शेवटी येतं! आधीच मारलंत तर पुढे हसायचं कशाला? आणि निधन पावलो काय? निधन पावलेल्या माणसाला कुणी हसतं का? मेलो! असं नाही हो वाचायचं, इकडे बघा."

आणि तिने करून दाखवलं. अध्यक्षांसमोर अध्यक्षांचं खाकरणं केलं, डोळे मिटले, पोकळी निर्माण केली. टेबलावरची पाण्याची बाटली फुलांसारखी छातीशी धरली आणि मान खाली घालून दोन मिनिटांची स्तब्धता दोन सेकंदांत उभी केली. मनात एक, दोन मोजले आणि वाक्य सोडलं, "आधी कुणी सांगितलं असतं, तर केव्हाच मेलो असतो!"

औषधांचे दुकानदार फसकन हसले आणि लगेच खोकल्याचं नाटक करू लागले. शिक्षिकांनी पदर तोंडाला लावला. कारकुनाने मान न उचलता सगळं शब्दन् शब्द लिहून घेतलं.

आणि मग टाचणीला कळलं आपण काय केलं ते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दादाने दोन्ही हातांनी चेहरा झाकला होता. जगात एवढे गुन्हेगार होऊन गेले, पण आपला गुन्हा नीट वाचला जात नाही म्हणून उठून कबुली देणारी हीच पहिली असावी.

"म्हणजे शब्द मान्य आहेत," अध्यक्ष म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "लिहा."

तेवढ्यात दाराकडून आवाज आला. मीटरकाकू पुढे वाकल्या होत्या, रुमाल तोंडावर, आणि त्यांचे खांदे हलत होते. मंच गेला तर गेला, पण ह्या बाईला आपण सगळ्यांसमोर रडवलं. तिला स्वतःची एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"काकू..." ती म्हणाली. पुढे तिला काही सुचेना. तिला!

काकूंनी रुमाल काढला. डोळे ओले होते, पण त्या रडत नव्हत्या. पोट धरून हसत होत्या.

"चुकलं तुझं," त्या म्हणाल्या.

"हो काकू. माझं चुकलंच..."

"तसं नव्हे गं. मनात नव्हते म्हणाले ते. चांगलं तोंडाने म्हणाले. आणि थांबायचे नाहीत एवढे. तू मध्ये थांबतेस. ते चहाचा घोट घेता घेता सहज बोलून जायचे, कपातून मान वर न करता. म्हणून तर समोरच्याला ठसका लागायचा."

टाचणी खुर्चीवर बसली. "मला दुकानात म्हणाले होते, काकू. ते वाक्य माझं नाही. त्यांचंच आहे. मी तुम्हाला यायला हवं होतं सांगायला. नाही आले."

"दुकानात म्हणाले, पोस्टात म्हणाले, दवाखान्यात नर्सला म्हणाले. येईल त्याला ऐकवायचे. मी मेली कंटाळून गेले होते ऐकून ऐकून." मग एकदम त्यांचा आवाज चढला. "पण मला एक सांगा, अख्खं सभागृह भरून माणसं त्यांच्या बोलण्याला हसली आणि मला कुणी कळवलंसुद्धा नाही? वर्ष होत आलं, माझ्या घरात जो येतो तो आवाज खाली करून येतो. खुर्चीच्या कडेवर बसतो, सुस्कारे टाकतो, आणि चहा अर्धा टाकून जातो. माझा नवरा आयुष्यभर लोकांना हसवत दारोदार फिरला, आणि मेल्यावर तुम्ही सगळ्यांनी मिळून त्याला रडका करून टाकलात. पत्रात लिहिलं अनुचित उद्गार. म्हटलं, बघू तरी काय उद्गार ते. ते ऐकायलाच आले मी."

अध्यक्षांनी टेबलावरचा कागद सरळ केला, पुन्हा सरळ केला. मग खालमानेने म्हणाले, "वहिनी, तुम्हाला हसू येतंय. मला नाही येत. माझ्या तोंडून गेलं आणि महिन्याभरात ते..."

वाक्य अर्धं राहिलं. टाचणीने त्यांच्याकडे प्रथमच नीट पाहिलं. तिला वाटत होतं हा माणूस अहंकाराने फुगलाय. फुगा बिगा काही नव्हता. तो माणूस घाबरला होता.

"तेव्हापासून मला कुणी सत्काराला बोलवत नाही," अध्यक्ष म्हणाले. "लग्नाला गेलो तर नवऱ्या मुलाची आई माझ्या हातात माईक देत नाही. त्या दिवशी लोक हसले तेव्हा सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, सगळ्यांना हेच म्हणायचंय की मीच..."

"अहो भाऊजी!" काकू उठून टेबलाजवळ आल्या. "डॉक्टरांनी त्याच्या आधी चार महिने सांगितलं होतं. यांनी कुणाला कळू दिलं नाही. मला शपथ घातली होती. समारंभाला निघताना मला म्हणाले, आजचा दिवस चांगला गेला म्हणजे झालं. आणि तुम्ही असा काही चांगला घालवलात की शेवटचा महिना माणूस तेवढ्यावरच जगला. मेल्यावर आपल्याबद्दल काय बोलतात ते सगळ्यांनाच ऐकायचं असतं. ऐकायला मिळतं कुणाला? यांना मिळालं, पहिल्या रांगेत बसून!"

अध्यक्षांनी चष्मा काढला. तो पुसायला त्यांना बराच वेळ लागला. वर्षभर छातीवर धोंडा घेऊन फिरणारा माणूस तो खाली ठेवतो तेव्हा आधी काय करावं हेच त्याला सुचत नाही. औषधांच्या दुकानदारांनी त्यांच्यापुढे पाणी सरकवलं.

"काय लिहू?" कारकुनाने विचारलं.

"तक्रार मागे," अध्यक्ष म्हणाले.

"कारण?"

"कारण लिहू नका." मग ते टाचणीकडे वळले. "मात्र ते खाकरणं जरा जास्त होतं. तेवढं कमी करा."

"नाही करणार," टाचणी म्हणाली. दादाने डोळे मिटले.

"बरं," अध्यक्ष म्हणाले, आणि खाकरले. या वेळी कारकूनही हसला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच असावा.

बाहेर ऊन स्वच्छ पडलं होतं. दादा गाडी काढायला गेला. जाता जाता म्हणाला, "पुढच्या वेळी तुला नेणारच नाही. तुझा खटला मी एकटा जाऊन जिंकेन." टाचणी हसत पायऱ्या उतरू लागली, तर मागून काकूंनी तिचा दंड धरला.

"दुकानात तुझ्याशी बरंच बोलायचे ना?"

"हो काकू. चष्म्याला दहा मिनिटं लागायची, ते तासभर बसायचे."

"काय काय बोलायचे?"

"काहीही. लोकांच्या परसातलं. अध्यक्षांच्या घरच्या पाइपाचं. तुमच्या माहेरच्यांचं पण. सगळं सांगण्यासारखं नाही."

"मला सांग," काकू म्हणाल्या. त्यांनी दंड सोडला नव्हता. "चांगलं तेवढं सगळ्यांनी सांगून झालं. वर्षभर तेच ऐकतेय मी, किती देवमाणूस होता, किती देवमाणूस होता. तो देवमाणूस मला ओळखीचाच नाही गं. तू बाकीचं सांग. वात्रट असेल तरी सांग. माझ्यावर बोलले असतील तरी सांग."

दादाने कोपऱ्यावरून दोनदा हॉर्न दिला. टाचणीने त्याला हाताने थांब म्हणून खूण केली, पायरीवरची धूळ झटकून काकूंना बसायला जागा केली, शेजारी आपण बसली, आणि अजिबात न थांबता, मध्ये एक दोन न मोजता, सांगायला लागली.